मिठाचं माप

सोलापूर, श्रावण

चि. रेवती,


तुझं पत्र आणि सोबतचे त्या पूरक जीवनसत्त्वांच्या डब्याचे फोटो मिळाले. लेबलवरची अक्षरं इतकी बारीक की भिंग काढावं लागलं, पण सगळं वाचलं. प्रश्न तू आडपडदा न ठेवता विचारलास: ‘काका, लिथियम बंद करून हे सुरू केलं तर चालेल का? हे निदान नॅचरल तरी आहे.’ उत्तरही तसंच देतो. चालणार नाही. पण नुसत्या नकारानं तुझ्या बाबांचं कधी समाधान झालं नाही, तुझंही होणार नाही. म्हणून जरा लांबट लिहितो. सवडीनं वाच.

आधी एक सांगून ठेवतो. माझा जन्म औषधशास्त्र शिकवण्यात गेला, रुग्ण तपासण्यात नाही. तुझ्या बायपोलरच्या औषधाचा डोस ठरवायचा तो तुझ्या डॉक्टरबाईंनी. मी फक्त या गोळ्यांच्या आणि डब्यांच्या पाठीमागचा इतिहास सांगू शकतो, आणि तो कॉलेजच्या पुस्तकांत फारसा नसतो.

‘लिथियम म्हणजे केमिकल’ असं तू लिहिलंस. अगं, लिथियम हे मूलद्रव्य आहे. विश्व जन्माला आलं त्या पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी मूलद्रव्यं तयार झाली, त्यांत त्याचा अंश होता. याहून नॅचरल काय असणार? झऱ्यांच्या पाण्यात ते असतं, खडकात असतं. युरोप-अमेरिकेत एके काळी लोक ‘लिथियाचं पाणी’ तब्येतीसाठी विकत घेऊन पीत. सेव्हनअप हे पेय 1929 साली अमेरिकेत आलं तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होतं, आणि ते 1948 पर्यंत राहिलं. म्हणजे आज तू ज्या गोळीला घाबरतेस, तिचा मूळ पदार्थ तेव्हा लोक उन्हाळ्यात गार करून पीत होते!

मग तो औषध कधी झाला? ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत तीन वर्षं काढून आलेला माणूस. मेलबर्नजवळच्या इस्पितळात, साध्याशा जागेत, गिनीपिगांवर ते प्रयोग करत होते. त्यांची मूळ कल्पना युरिक ॲसिडभोवतीची होती आणि ती पुढे टिकली नाही. युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्याचा लिथियमबरोबरचा क्षार वापरला, आणि जनावरं शांत झाली. ती शांत झाली की विषानं मलूल पडली, याबद्दल आजही शंका घेतली जाते. केड यांनी लिथियमचे क्षार आधी स्वतः घेऊन पाहिले आणि मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले. 1949 साली त्यांचा लेख छापून आला.

त्यातला पहिला रुग्ण पन्नाशीचा होता. पाच वर्षं उन्मादात, वॉर्डातला सगळ्यांत त्रासदायक म्हणून प्रसिद्ध. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग बरं वाटतंय म्हणून त्यानं औषध सोडलं आणि पुन्हा दाखल झाला. शेवटी 1950 साली तो गेला तो लिथियमच्याच विषबाधेनं. केड यांना याचा इतका धक्का बसला की त्यांनी काही काळ लिथियम वापरणंच थांबवलं. ज्या वर्षी त्यांचा लेख आला, त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड जेवणात घालायला दिलं जात होतं, तेही हवं तितकं शिंपडायला. त्यात काही जण दगावले आणि ते घाईघाईनं बाजारातून काढून घ्यावं लागलं.

बघ, पदार्थ एकच. पेयात होता तेव्हा निरुपद्रवी, मिठाच्या डबीत गेला तेव्हा जीवघेणा, केड यांच्या वॉर्डात एकाच माणसाला आधी तारणारा आणि मग मारणारा. यातलं कोडं सुटलं ते रक्तात लिथियम मोजता येऊ लागल्यावर. मेलबर्नमध्येच नोआक आणि ट्राउटनर यांनी 1951 साली शंभरावर रुग्णांना रक्ततपासणीच्या आधारानं लिथियम देऊन दाखवलं. डेन्मार्कच्या मोएन्स शौ यांनी पुढे आयुष्यभर हा विषय लावून धरला. आज तुझी लेव्हल साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोलच्या आसपास ठेवतात. दीडच्या वर गेली की हात थरथरणं, तोल जाणं, उलट्या सुरू होतात. एवढ्याशा पट्टीत बसणारं औषध म्हणून तुला दर काही महिन्यांनी सुई टोचून घ्यावी लागते. तुला त्या सुईचा कंटाळा आलाय, हे कळतं. पण त्या डब्यासाठी कोणी तुझं रक्त तपासणार नाही, ही त्याची जमेची बाजू म्हणून तू लिहिलीस, ती मला सगळ्यांत खटकली.

आता तुझ्या बाजूनं बोलतो, कारण तुझा मूळ विचार वेडगळ नाही. अन्नातल्या एखाद्या घटकाच्या अभावानं माणसाचं मन खरोखर बिघडतं आणि तो घटक दिला की ताळ्यावर येतं, असं घडलेलं आहे. तेही लाखोंच्या संख्येनं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. अंगावर उन्हानं जळल्यासारखे चट्टे, जुलाब, आणि मग उदासी, भ्रम, वेड. तिथली वेड्यांची इस्पितळं अशा रुग्णांनी भरलेली होती. सगळे म्हणत, हा संसर्ग आहे. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: इस्पितळातल्या रुग्णांना रोग होतो, त्यांच्यातच वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही. जंतू असा हुद्दा बघून चावत नाही. त्यांनी अनाथाश्रमांत आणि इस्पितळांत दूध, मांस, अंडी, कडधान्यं वाढवली आणि रोग हटला. मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवलं, तर त्यांच्यातल्या सहा जणांना पेलाग्रा झाला. तरीही लोक मानेनात. तेव्हा गोल्डबर्गर, त्यांचे सहकारी आणि त्यांची पत्नी यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, आणि त्यांच्यातल्या पुरुषांनी तर रुग्णांच्या कातडीच्या खपल्या पिठात मळून गिळल्या. कोणाला काही झालं नाही. तो घटक निकोटिनिक ॲसिड, म्हणजे नायसिन, हे 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेहजेम यांनी दाखवलं.

ही गोष्ट परदेशातच घडली असं नाही. पेलाग्रा दख्खनच्या पठारावरही होता आणि तो मका खाणाऱ्यांपेक्षा ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. कोलथूर गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 साली यावर लेख लिहिला. ज्वारीत ल्यूसिन नावाचं अमिनो ॲसिड जास्त असतं, ते नायसिनच्या घडणीत आडवं येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे बरीच वादावादी झाली. (आता तू माझ्या सुनेला सांगू नकोस की काका ज्वारीला विष म्हणतात. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी असलेल्या ताटाला पेलाग्राची भीती नाही. नुसत्या भाकरीवर आणि मिरचीवर वर्षानुवर्षं दिवस काढणाऱ्याला होती.) त्या रुग्णांना नायसिन देणं ही मनाच्या आजारावरची अस्सल पोषणचिकित्सा होती.

तुझ्या बाबतीत तशीच एक शक्यता आहे आणि ती तू तपासायलाच हवीस. बी-12. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 2006 साली पुणे आणि परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 67 टक्क्यांच्या रक्तात बी-12 कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांच्या. म्हणजे तुपाशी खाणारे आपले लोकच जास्त. तुमचं घर पक्कं शाकाहारी, तूही. बी-12 फार कमी झालं की थकवा, हातापायाला मुंग्या, विसराळूपणा आणि उदासीही येते. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असली, तरी ते घटतं. तेव्हा हे आईलाही सांग. तपासून घे, कमी असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनं घे, मी स्वतः तुझ्या मागे लागेन. पण बी-12 भरून आलं म्हणून बायपोलर जात नाही. तो आजार त्याच्या वाटेनं चालतो. आणि कमतरता नसताना घेत राहिलीस, तर भरलेल्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं ते अंगणातच सांडेल.

नेमकं इथंच थोरामोठ्यांची पावलं घसरली. नायसिननं पेलाग्राचं वेड जातं, तर ढीगभर नायसिननं स्किझोफ्रेनियाही जाईल, असं कॅनडात एब्रम हॉफर आणि हम्फ्री ऑसमंड यांना 1950च्या दशकात वाटलं. लायनस पॉलिंग हे तर दोन नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1968 साली याला ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ मनोविकारशास्त्र असं भारदस्त नाव दिलं. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेनं 1973 मध्ये सगळा पुरावा चाळून पाहिला आणि दावे फेटाळले. नोबेल मिळालं म्हणून रक्तातलं नायसिन ऐकत नाही.

तुझ्या डब्याचा पूर्वज मात्र याहून वेगळ्या घरातला आहे, आणि ती हकिकत मला जरा आवडते हे कबूल. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अँथनी स्टीफन म्हणून एक गृहस्थ. त्यांच्या पत्नीला बायपोलर होता आणि 1994 साली तिनं जीव दिला. दोन मुलांनाही तोच त्रास सुरू झाला. डेव्हिड हार्डी हा त्यांचा स्नेही डुकरांच्या खाद्याच्या व्यवसायातला. तो म्हणाला, बंदिस्त डुकरं एकमेकांचे कान-शेपट्या चावू लागली की आम्ही त्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं वाढवतो, ती निवळतात. दोघांनी मिळून माणसांसाठी तसं मिश्रण जमवलं, मुलांना दिलं, मुलं सुधारली. कॅल्गरी विद्यापीठाच्या बॉनी कॅप्लन यांनी ते बायपोलरच्या 11 रुग्णांना दिलं आणि 2001 साली लिहिलं की लक्षणं उतरली, औषधांची गरज निम्म्याहून कमी झाली. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं माल अडवला, खटला भरला. 2006 मध्ये कंपनी निर्दोष सुटली आणि त्या निकालाची जाहिरातही झाली.

त्या बापाच्या दुःखाबद्दल मला एक अक्षर वावगं बोलायचं नाही. पण अकरा रुग्णांची ती पाहणी बघ. शेजारी दुसरा गट नव्हता, नुसती साखरेची गोळी खाणारा. काय घेतोय हे रुग्णाला माहीत, डॉक्टरलाही माहीत. आणि बायपोलरचा तर स्वभावच भरती-ओहोटीचा. माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो सगळ्यांत वाईट दिवसांत. त्यानंतर काहीही केलं, अगदी नवस बोलला, तरी पुढचे दिवस बरे असण्याचीच शक्यता जास्त. पुरावा इतका कच्चा होता तर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो पक्का व्हायला हरकत नव्हती. न्यूझीलंडच्या ज्युलिया रकलिज यांनी अशाच मिश्रणाची चाचणी एडीएचडी असलेल्या 80 प्रौढांवर नीट, तुलनेसाठी गट ठेवून केली आणि 2014 मध्ये काही मापांवर फायदा दाखवला. त्याचं श्रेय त्यांना. बायपोलरमध्ये असं मिश्रण लिथियमची जागा घेईल, हे मात्र कोणी दाखवलं नाही.

बाकीच्या घटकांचं भराभर सांगतो. व्हिटॅमिन डी: अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 18,353 लोकांना पाचेक वर्षं रोज डी किंवा नकली गोळी दिली, नैराश्य दोन्हीकडे सारखंच, हा 2020 चा निकाल. माशाच्या तेलातलं ओमेगा-3: 1999 मध्ये बॉस्टनला 30 बायपोलर रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीनं फार आशा लावली होती, पुढच्या चाचण्यांनी ती बरीचशी उतरवली, साध्या नैराश्यात औषधाच्या जोडीला ईपीए हा ओमेगा-3चा प्रकार जास्त असलेलं तेल थोडी मदत करतं, एवढं म्हणता येईल. हळदीतलं कर्क्युमिन: भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 60 रुग्णांवर चाचणी झाली, पण तिच्यातही नकली गोळीचा गट नव्हता. हळद फोडणीत असू दे.

आता फॉलिक ॲसिडपाशी मला थांबायचंय. तुझ्या डब्यावर ते आहे, आणि डॉक्टरबाईंनी तुला अलीकडे लॅमोट्रिजिन सुरू केलंय.

फॉलिक ॲसिड म्हणजे सज्जनातलं सज्जन जीवनसत्त्व. शाळेतल्या मुलींना लोहाबरोबर देतात, गरोदर बायकांना देतात. इंग्लंडमध्ये जॉन गेडिस यांच्या गटानं बायपोलरच्या नैराश्यात लॅमोट्रिजिन किती उपयोगी पडतं, हे 202 रुग्णांवर पाहिलं. त्यातच काहींना फॉलिक ॲसिडही दिलं, रोज 500 मायक्रोग्रॅम. हेतू हा की झाला तर फायदाच. निकाल 2016 मध्ये आला. ज्यांना फॉलिक ॲसिडच्या जागी नकली गोळी होती, त्यांना लॅमोट्रिजिनचा गुण आला. ज्यांना फॉलिक ॲसिड होतं, त्यांच्यात लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला. असं का व्हावं, याची खात्रीची उकल झालेली नाही, आणि ही एकच चाचणी आहे, हेही खरं. त्यामुळे पालेभाजी टाकून देऊ नकोस, आणि पुढे कधी बाळाचा विचार करशील तेव्हा फॉलिक ॲसिड लागणारच. त्याचं गणित डॉक्टरबाई मांडतील. पण ‘जीवनसत्त्वच आहे, फार तर उपयोग होणार नाही’ असं जे तू लिहिलंस, त्याला हे उत्तर आहे. औषधाचा गुणच निघून गेला तर दोष कोणाला देशील? लॅमोट्रिजिनला. मग ते बदलून दुसरं, मग तिसरं.

डब्यात अश्वगंधाही आहे. आपल्याकडची म्हणून आपण तिला माफ करतो. तिनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, काही आपल्या देशातल्या. डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते. लिथियम ते कमी करू शकतं, म्हणून तुझी टीएसएच तपासतात. दोन्ही एकदम घेतलीस तर त्या रिपोर्टचा अर्थ लावायचा कसा? 5-एचटीपी, सॅम-ई, सेंट जॉन्स वॉर्ट ही नावं कुठं दिसली तर तो डबा दुकानातच ठेव. नैराश्यावर काम करणारी म्हणून ती विकतात आणि काही जणांना ती थेट उन्मादात ढकलतात. ट्रिप्टोफॅनचंही ऐक. साधं अमिनो ॲसिड, दुधातही असतं. 1989 साली अमेरिकेत झोपेसाठी, मूडसाठी लोक ते दुकानातून आणून खात होते. पुढे जे आजारी पडले त्यातल्या बहुतेकांचा माल एकाच उत्पादकाचा, आणि तो सदोष निघाला. स्नायूंच्या भयंकर वेदनांचा नवाच आजार दीड हजारांहून जास्त लोकांना झाला, तीसच्या वर माणसं गेली. डब्यात काय आहे हे कोण तपासतं, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. आपल्याकडे ही पूरकं औषध कायद्यात बसत नाहीत, अन्न म्हणून विकली जातात. तुझ्याच फोटोत, खालच्या कोपऱ्यात, इंग्रजीत छापलंय: औषधी वापरासाठी नाही. विकणाऱ्यानं स्वतःच सांगून टाकलंय की!

आणि त्या डब्यासाठी महिन्याला अडीच हजार रुपये? त्या पैशांत दूध, फळं, दोन-तीन प्रकारची कडधान्यं आण. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी नैराश्याच्या 67 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना चालू उपचारांच्या जोडीला बारा आठवडे नीट आहार शिकवला. त्यांच्यात 32 टक्क्यांचं नैराश्य निवळलं, नुसत्या गप्पागोष्टींच्या गटात 8 टक्क्यांचं. चाचणी लहान आहे, पण अशा जेवणाचा धोका काय?

तुझ्या तक्रारी मी उडवून लावत नाहीये. वजन वाढलंय, बोटं थरथरतात, सारखी तहान लागते, आणि पूर्वीसारखं ‘झगमगीत’ वाटत नाही. हे सगळं डॉक्टरबाईंना याच शब्दांत सांग. डोस, वेळ, जोडीची औषधं, बरंच काही हलवता येतं. आपल्या मनानं एकदम बंद करणं तेवढं नको. लिथियम अचानक सोडलं की पुढच्या काही महिन्यांत उन्माद उलटून येण्याचा धोका फार असतो, आणि केड यांचा पहिला रुग्ण तर तुला आता ठाऊकच आहे.

श्रावण आहे म्हणून आणखी एक. लिथियम आणि मीठ यांना किडनी जवळजवळ सारखंच वागवते. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि लेव्हल चढते. म्हणून निर्जळी उपास तुला नाही. आजीला माझं नाव सांग. सोमवारी अळणी साबुदाणा खाऊन दिवस काढू नकोस, आणि वजनासाठी मीठ एकदम तोडूही नकोस. जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न बघता फोन कर. पाळीत पोट दुखतं तेव्हा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतेस ना? त्यानंही लेव्हल वाढते. पॅरासिटामॉल चालतं का, ते विचारून घे.

पुढच्या भेटीला तो डबा पिशवीत घालून ने, लपवू नकोस. बी-12, टीएसएच, क्रिएटिनिन आणि लिथियम एकाच वेळी करून घे. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं; सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. अपरात्री फार कठीण वाटलं आणि कोणाला उठवायचा संकोच झाला, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. मलाही उठवलंस तरी चालेल. म्हाताऱ्यांना झोप कमीच असते.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, पण या वेळी जरा जवळून काढ.

तुझे
काका